चार नंबरचा माग

संग्रामपूरहून वरवट बकालच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला पत्र्याचं एक मोठं गोडाऊन लागतं. आधी तिथं सरकी भरून ठेवत. सात वर्षांपूर्वी गजेंद्रभाऊंनी मालेगावहून बारा जुने माग ट्रकात घालून आणले आणि त्या गोडाऊनचा कारखाना केला. आहेराचे दुपट्टे, पंचे, टॉवेल असा माल निघायचा. मागावर सगळ्या बायकाच होत्या, आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या. एकेकीकडे दोन-दोन माग. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, आत पत्र्यावर गारा पडताहेत. आतल्या बायकांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की वीज गेली आणि सगळं थांबलं, की त्याच दचकायच्या.

माग बिघडला की तो दुरुस्त करायचं काम पुष्पांजलीचं. अशा माणसाला तिथं जॉबर म्हणतात. सगळीकडे जॉबर म्हणजे पुरुष; बायकांच्या हातात पाना असलेला कुणी पाहिला नव्हता. पुष्पांजली आयटीआयला फिटरचा कोर्स करून आली तेव्हा पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "हे पोरगी माग उघडन का पोळ्या लाटन?" कुणीतरी म्हणालं. तेव्हा चार आणि पाच नंबरच्या मागांवरची वंदना एकटीच हसली नाही. "लाटली पोळी तं तूच खाशीन," ती त्या बाईला म्हणाली, आणि पुष्पांजलीला हाताशी धरून आपल्या मागाकडे घेऊन गेली. "याचा आवाज पाह्य व पुष्पे. आठ दिवसांपासून खोकलून राह्यला हा."

वंदना पुष्पांजलीच्याच गल्लीतली, हरिओमची बायको. घरी वांग्या-मिरचीची दोन एकराची वाडी, सासू मंजुळाबाई आणि सहा वर्षांची समीक्षा. त्या दिवसापासून दोघींचा डबा एकत्र सुटायचा.

शिकवायला जानराव होते. मालेगावात तीस वर्षं मागांत घालवलेला म्हातारा, मागांबरोबरच इकडे आला. हात थरथरायला लागले होते, म्हणून दारापाशी स्टुलावर बसून तोंडानं सांगायचे आणि पुष्पांजली हातानं करायची. तीन वर्षांत ती त्यांच्यापुढे गेली, हे ते स्वतःच गावभर सांगत.

तिनं केलेली एक गोष्ट तर त्यांनाही कधी सुचली नव्हती. मागात धोटा असतो, दीड वीत लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादाची चोच. ताण्याचे उभे धागे वर-खाली उघडले की तो त्यांच्या मधून सूत सोडत इकडून तिकडे जातो. मिनिटाला शंभरावर फेऱ्या. त्याला फेकते एक काठी, आणि त्या काठीला खालून झटका देतो एक लोखंडी हात. हा हात ठरलेल्या मापाचा. बारीक सुताला झटका हलका लागतो, जाड्या सुताला जोराचा. म्हणून सूत बदललं की हात बदलायचा, आणि त्यात अर्धा दिवस जायचा. पुष्पांजलीनं जळगाव जामोदच्या वेल्डरकडून जाड पट्टीचे नवे हात करून आणले. त्यांत लांबट खाच, खाचेत बोल्ट, आणि काठावर छिन्नीनं मारलेल्या रेघा. नट ढिला करायचा, बोल्ट दोन रेघा वर किंवा खाली सरकवायचा, पुन्हा आवळायचा. दहा मिनिटांचं काम. बाराही मागांना तिनं ते बसवले. बायका त्याला 'पुष्पीचा हात' म्हणायला लागल्या.

"चांगलं केलं," जानराव म्हणाले होते. "पण एक ध्यानात ठेव. जे सरकवता येते ते आपल्या मनानंही सरकते. एकटा नट ठेवू नको कधी. दुसरा आवळ त्याच्यावर."

ती आवळायची. दोन वर्षं एकही नट एकटा राहिला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जाड्या सुताचे दुपट्टे काढायचे होते. लग्नाच्या तिथी तोंडावर, माल निम्माही नव्हता. गजेंद्रभाऊ दिवसातून चारदा येऊन मागांमधून फिरत. चार नंबरच्या मागाला झटका कमी पडत होता. पुष्पांजलीनं बोल्ट दोन रेघा वर घेतला, पहिला नट आवळला, दुसरा लावायला गेली तर त्याचे आटे झिजलेले. नुसताच गरगर फिरे. डब्यात त्या मापाचा नट नव्हता.

"झालं का व?" गजेंद्रभाऊ मागून म्हणाले.

"नट पाह्यजे एक. जळगावहून आणा लागन."

"मंग आणू उद्या. आज चालू दे."

तिनं माग चालू केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी सात नंबरचा पट्टा तुटला. आपण विसरलो, असं पुढे ती स्वतःला कितीदा तरी सांगून पाहणार होती. पण ते खरं नव्हतं. तिला रोज आठवायचं. चार नंबरजवळून जाताना नजर खाली जायची, पहिला नट घट्ट दिसायचा, आणि ती पुढे जायची.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वंदनाच्या पाच नंबरच्या मागावर धागा तुटला. तिनं तो माग थांबवला आणि वाकून धागा जोडायला लागली. चार नंबर तिच्या डाव्या अंगाला चालूच होता. पुष्पांजली तेव्हा पलीकडच्या रांगेत होती. चार नंबरचा ठेका चुकल्याचं तिच्या कानाला कळलं. एक ठोका उशिरा पडला, मग आणखी एक. तिनं मान वर केली. धोटा उशिरा निघाला, मिटत्या धाग्यांत शिरला, अडला, वर उसळला. तो उडालेला कुणालाच दिसला नाही. वंदना एकदम खाली बसली, इतकंच दिसलं. ती ओरडली नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती उकिडवी बसली आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत आलं.

बायकांनी हंबरडा फोडला. कुणी मेन स्विच पाडला. गजेंद्रभाऊ ऑफिसातून धावत आले, गाडी दाराशी लावा म्हणून ओरडले. चौघी-पाचजणींनी वंदनाला उचललं. जानरावांनी आपलं धोतर फाडून तिच्या डोळ्यावर धरलं. सगळ्यांचा तो गलका दाराकडे सरकला आणि आत पुष्पांजली एकटी उरली.

ती चार नंबरपाशी गेली. गुडघे टेकून खाली पाहिलं. बोल्ट खाचेत तीन बोटं खाली घसरला होता. घसरल्याची चकचकीत रेघ पट्टीवर उमटली होती, नुकतीच, लोखंड आतून पांढरं दिसत होतं.

तिनं खिशातून पाना काढला. बोल्ट वर नेला. नट आवळला. मग उठून नऊ नंबरच्या मागाकडे गेली, त्याचा दुसरा नट सोडवला आणि आणून चार नंबरला लावला. हाताला लागलेलं ग्रीस त्या चकचकीत रेघेवरून फिरवलं. हे सगळं करताना तिच्या मनात काय होतं, ते तिला नंतर कधीही नीट आठवलं नाही. हात अगदी शांत होते, एवढं आठवायचं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ती उठली.

अकोल्याच्या दवाखान्यात वंदनाचा डावा डोळा काढून टाकावा लागला.

तीन दिवसांनी तपासणीचे साहेब आले. प्रत्येक मागाला धोट्यासमोर एक आडवी दांडी असते, धोटा उडालाच तर तो वर जाऊ नये म्हणून. धागा जोडताना ती हाताला लागते, म्हणून सगळ्याच बायकांनी ती काढून ठेवलेली असायची. गजेंद्रभाऊंना ते माहीत होतं; दांडीशिवाय हात लवकर चालतो, हेही माहीत होतं. साहेब यायच्या आदल्या दिवशी अकरा मागांना दांड्या परत लागल्या. चार नंबरला तेवढी लावली नाही. 'झालं तसंच राहू द्या' असं गजेंद्रभाऊंनीच सांगितलं होतं.

साहेबांनी चार नंबर वाकून पाहिला, पान्यानं नट तपासले. "हे तर घट्ट आहे. जॉबर कोण?"

"मी," पुष्पांजली म्हणाली.

"त्या दिवशी काही ढिलं होतं?"

गजेंद्रभाऊ तिच्याकडे पाहत होते. जानराव दारातल्या स्टुलावर होते.

"नाही," ती म्हणाली.

साहेबांनी लिहिलं. अपघाताचं कारण: कामगारानं संरक्षक दांडी काढून ठेवली होती. कामगाराचा निष्काळजीपणा.

साहेबांची गाडी गेल्यावर जानराव उठले आणि काठी टेकत नऊ नंबरपाशी गेले. वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग पुष्पांजलीजवळ येऊन हळूच म्हणाले, "नऊ नंबरचा नट कुठी गेला व?"

तिनं हातातला पाना खिशात सरकवला.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. "मले दिसत नाही आता बराबर," ते म्हणाले. "मी काही पाह्यलं नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कारखान्यात येणंच सोडलं.

वंदना बारा दिवसांनी घरी आली. पुष्पांजली तिला भेटायला गेली तेव्हा ती ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळ्यावर पट्टी, अर्धा चेहरा सुजलेला. समीक्षा आजीच्या लुगड्यामागून पाहत होती, जवळ येत नव्हती.

"पाह्य, पोरगीही भेते हिच्या तोंडाले," मंजुळाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "सरकारनं कागदावर लेहून देल्लं, हिचीच चूक म्हणून. हाताले लागते म्हणे दांडी! आता घे लागून."

"आत्याबाई, असू द्या ना," पुष्पांजली म्हणाली.

"काऊन असू दे? माझ्या पोराच्या नशिबी आली ना कानी बायको!"

वंदनानं तोंड आणखी भिंतीकडे वळवलं. पुष्पांजली निघाली तेव्हा मात्र तिनं तिचा हात धरला. "पुष्पे, खरं सांग. तुले मागातलं समजते. दांडी असती तं वाचला असता ना माझा डोळा?"

दांडी असती तर वाचलाही असता. ते खोटं नव्हतं.

"हो, वहिनी," पुष्पांजली म्हणाली.

वंदनानं मान हलवली आणि तिचा हात सोडला.

त्यानंतर पुष्पांजली दर दोन-चार दिवसांनी जायची. कधी भाजी, कधी समीक्षासाठी बिस्किटाचा पुडा. जायची आणि पाहायची की वंदना आतून कशी बारीक होत चालली आहे. ही तीच बाई, जी दोन्ही माग सांभाळून वर तिसरीचा तुटलेला धागा जोडून द्यायची. आता ती गॅसची खुंटी चार-चारदा बघायला उठे. भाजीत मीठ टाकलं की नाही हे सासूला विचारी, आणि सासू बोले. विहिरीवर जायची नाही. म्हणे, माझ्याकडून दोर सुटला तर? समीक्षाला आंघोळ घालायची नाही. पाणी जास्त कढत झालं तर? "माझा काही भरवसा नाही व पुष्पे," ती सांगायची. तक्रार म्हणूनही नव्हे, शेजारणीला हवापाणी सांगावं तसं. "मले वाटे मी मोठी हुशार. मले माहीतच नव्हतं मी अशी आहे."

आज सांगायचंच, असं ठरवून पुष्पांजली दरवेळी यायची. दरवेळी ती उद्यावर टाकायची. घरी तिची आई रुखमाबाई विचारायची, "तू काऊन जेवत नाहीस? डोळा तिचा गेला, अन् वाळून तू राह्यली." ती ताट सरकवून द्यायची.

पोळ्याच्या सुमारास वंदना कारखान्यात आली, काम मागायला. हरिओमनं बोलणं टाकलं होतं. तो वाडीतच झोपायला लागला होता. गजेंद्रभाऊ म्हणाले, "माग तं नाही देता येत, ताई. कागदावर काय लेहलं आहे, माहीत आहे ना तुमाले? पुन्हा काही झालं तं मी कुठी जाऊ?" मग कोपऱ्यात कांड्या भरायला बसवतो म्हणाले. धोट्यात घालायच्या सुताच्या त्या कांड्या नव्यानं आलेल्या पोरी भरत. वंदना त्यांच्यात जाऊन बसली. कुठल्याही मागाचा ठेका जरा बदलला, की तिची मान खांद्यात जायची आणि हातातली कांडी घरंगळायची. त्या पोरी एकमेकींकडे पाहून ओठ दाबायच्या. पुष्पांजली समोरच्या रांगेतून हे पाहायची आणि पाना चालवत राहायची.

मग दसरा आला. दसऱ्याला माग धुवून पुसून पूजा करतात. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पान्याला आणि हातोडीलाही कुंकू. सकाळी दहाला बायका नव्या लुगड्यांत आल्या. गजेंद्रभाऊंनी नारळ फोडला, पेढे वाटले. प्रत्येकीनं आपापल्या मागाला ओवाळलं. चार आणि पाच नंबर आता दुसऱ्या बाईकडे होते. तिनं ओवाळून झाल्यावर वंदना पुढे झाली. हातात ताट नव्हतं. ती चार नंबरपुढे गुडघ्यांवर बसली, कपाळ लोखंडाला टेकवलं आणि म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाबा, दांडी मी काढली. माझी चूक पदरात घे. दुसऱ्या कोणाले असं करू नको."

एकीनं डोळे पुसले. तिचं कपाळ जिथं टेकलं होतं, तिथून वीतभर खाली तो खाचेचा लोखंडी हात होता.

पुष्पांजलीनं तिला दंडाला धरून उठवलं आणि ओढतच बाहेर नेलं, गोडाऊनच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी.

"काय झालं व?" वंदना घाबरून म्हणाली. "माझं काही चुकलं का?"

"वहिनी, तुमची काही चूक नाही. माझी चूक आहे."

"काय बोलून राह्यली?"

मग पुष्पांजलीनं सांगितलं. आटे झिजलेला नट, उद्यावर टाकलेलं काम, घसरलेला बोल्ट. मध्ये थांबली असती तर पुढे बोलू शकली नसती, म्हणून एका दमात सांगितलं. वंदना ऐकत होती. तिचा उजवा डोळा पुष्पांजलीच्या ओठांवर होता, जणू आवाज नीट पोहोचत नव्हता.

"मंग साहेबाले तो नट घट्ट कसा दिसला?" तिनं विचारलं.

"मी लावला. नऊ नंबरचा काढून."

"कवा?"

पुष्पांजलीला खाली बघावंसं वाटलं. तिनं बघितलं नाही. "तुमाले गाडीत घालत होते तवा."

वंदना टाकीच्या कठड्यावर बसली. आत कुणीतरी आरती सुरू केली.

"मी तुले हाका मारत होती," ती अखेर म्हणाली. "गाडीत. समीक्षाले पाह्यजो म्हणून सांगायचं होतं. मले वाटलं, पुष्पी भेली असन रक्ताले, म्हणून आली नाही. दवाखान्यातही मी घरच्यायले म्हणत होती, पुष्पीले कोणी रागवू नका." तिनं पदर तोंडाशी नेला, पण ती रडली नाही. "पाच महिने तू माझ्या घरी येऊन बसली. मी तुले विचारलं होतं. मी हात धरून विचारलं होतं ना व तुले?"

"हो."

"चाल," वंदना उठली. "माझ्या सासूले सांग. माझ्या पोरीसमोर सांग."

सणाचा दिवस. ओसरीवर मंजुळाबाई सोन्याची पानं निवडत होत्या, हरिओम जेवायला आला होता. पुष्पांजली अंगणात उभी राहिली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. हरिओम अर्ध्या जेवणावरून उठला. तो मारेल असं तिला वाटलं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं हात धुतले, तिच्याकडे न पाहता चप्पल घातली आणि वाडीकडे निघून गेला. मंजुळाबाईंनी तिला नाही नाही ते ऐकवलं, तिच्या आईचा, बापाचा, शिक्षणाचा उद्धार केला. ऐकवून दमल्यावर सुनेकडे वळून म्हणाल्या, "पण दांडी तं तूच काढली होती ना?"

वंदना तेवढं ऐकून खांबाला टेकली. हेच व्हावं म्हणून ती पुष्पांजलीला घेऊन आली होती, की आता तरी या घरात कुणी म्हणेल, तुझं चुकलं नाही. ते कुणी म्हणालं नाही.

समीक्षा दारात उभी होती. "आई, मंग तुझ्या चुकीनं नव्हता गेला डोळा?" तिनं विचारलं. वंदनानं तिला जवळ ओढून घेतलं. पुष्पांजली तिथून निघाली तेव्हा कुणी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद लिहिला. घडलं तसं, तारखेसह, खाली सही. गजेंद्रभाऊंना दाखवला तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. आधी समजावलं. मग म्हणाले, "हे गेलं तं कुलूप लागन. सगळ्यायचे हात रिकामे होतीन. त्या एका कागदानं तिचा डोळा येऊन राह्यला का परत?"

"नाही येत."

"मंग?"

"तिच्या नावावर लेहलेलं पुसलं जाईन."

"अन् दांड्यांचं? तेही लेहलं तू. मी काढू देल्ल्या म्हणून."

"तेही खरंच आहे, भाऊ."

ते खुर्चीत मागे टेकले. "जा तू," एवढंच म्हणाले.

तिनं तो कागद स्वतः नेऊन साहेबांच्या ऑफिसात दिला. आठ दिवसांत पुन्हा तपासणी झाली, आणि गोडाऊनला कुलूप लागलं ते संक्रांतीपर्यंत. त्या अडीच महिन्यांत बायकांनी पुष्पांजलीच्या घरावरून जाणं सोडलं. ज्या गेल्या त्या थुंकून गेल्या. एकीनं दारात उभं राहून रुखमाबाईंना विचारलं, "तुमच्या पोरीले इतकीच सत्याची हौस होती तं पाच महिने कुठी शेण खात होती?" रुखमाबाईंनी दार लावलं नाही, ती जाईपर्यंत उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. बायका वंदनावरही चिडल्या. हिच्याचमुळे कारखाना बंद, असं हळदीकुंकवालाही बोललं गेलं. कुणी तिच्या घरी वाण घेऊन गेलं नाही.

जानरावांना भेटायला पुष्पांजली एकदा गेली. म्हातारा बाजेवर पडून होता. "माझं नाव लेहलं का कागदात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"लेहाले पाह्यजे होतं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. माघ महिन्यात ते गेले.

संक्रांतीनंतर कारखाना सुरू झाला. दांड्या वेल्डिंगनं पक्क्या बसवल्या होत्या, काढताच येऊ नयेत अशा. नवा जॉबर मालेगावचा होता. खाचेचे हात त्यानं सगळे काढून भंगारात घातले आणि जुने ठरल्या मापाचे बसवले; सूत बदललं की पुन्हा अर्धा दिवस जाऊ लागला. नव्या कागदावर वंदनाचं नाव निष्काळजीपणाशिवाय आलं. त्याची एक प्रत तिला मिळाली, आणि तिला माग परत मिळाले. चार-पाच नव्हे, तिनं अकरा आणि बारा मागून घेतले, भिंतीकडचे, म्हणजे एका अंगाला तरी भिंतच राहील.

पुष्पांजलीला संग्रामपुरात कुणी काम देईना. धामणगाव बढ्याला तिच्या मामाच्या ओळखीचं पेरणीयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथं ती लागली. आठवड्याला एकदा घरी यायची.

होळीनंतरच्या एका दुपारी ती जळगाव जामोदहून संग्रामपूरच्या एसटीत बसली होती. गाडी भरलेली, तिच्या शेजारची तेवढी जागा रिकामी. गाडी सुटता सुटता वंदना चढली, समीक्षाला घेऊन. हातात शाळेच्या वह्यांची पिशवी होती. तिनं गाडीभर नजर फिरवली. पुष्पांजलीला पाहिलं. पोरगी उभ्यानं थकेल हे दिसत होतं. ती येऊन बसली, समीक्षाला मांडीवर घेतलं.

पाऊण तासाचा रस्ता. वंदनाच्या बोटांना सुताचे बारीक तंतू चिकटले होते, मागावरून उठलेल्या बाईच्या बोटांना असतात तसे. तिचा डावा खांदा पुष्पांजलीच्या खांद्याला लागत होता. गाडी खड्ड्यातून गेली की जास्तच लागायचा, आणि दरवेळी वंदना तेवढी बाजूला सरकायची.

संग्रामपूर आलं. समीक्षा मांडीवरून उतरली, आणि पुढे जाता जाता मागे वळून जुन्या सवयीनं म्हणाली, "पुष्पामावशी, येतो आमी."

वंदना क्षणभर थांबली. मग पोरीचा हात धरून, पाठमोरीच, गाडीतून खाली उतरली. पुष्पांजलीलाही तिथंच उतरायचं होतं. ती बसून राहिली. कंडक्टरनं दोनदा ओरडून विचारलं तेव्हा उठली. तोवर त्या दोघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या.